तत्रैव म्हणजे नक्की कुठे?

*नमस्कार. माझं वय ३७. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि समाजशास्त्रात पीएचडी करते. विषय : सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी मेस चालवणाऱ्या बायका. प्रबंध मराठीत आहे. माझ्या गाईडना पानाखाली तळटिपा हव्यात, 'तत्रैव' (लगतच्या आधीच्या टिपेतलंच पुस्तक) आणि 'उ. नि.' (आधी कुठेतरी निर्देश केलेलं पुस्तक) यांच्यासकट. प्रगती अहवालाच्या बैठकीला बाहेरून आलेल्या मॅडम म्हणाल्या, "हे काय जुनं, एपीए सात करा," म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र परिषदेच्या संदर्भनियमांची सातवी आवृत्ती. एक प्रकरण इंग्रजीत करून एका नियतकालिकाकडे पाठवलं, तर त्यांची तिसरीच तऱ्हा. आज माझ्या ३१२ नोंदी तीन पद्धतींत विखुरल्यात. चार महिन्यांत प्रबंध द्यायचाय. एक डीटीपीवाले सात हजारांत "सगळं एपीए करून देतो" म्हणतात. देऊ का? मुलाखती दिलेल्या बायकांची नावं संदर्भसूचीत कशी घालायची? शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलंय आणि मी रोज रात्री स्वल्पविरामच हलवत बसते.*
*— स्वल्पविरामग्रस्त, कर्वेनगर*

स्वल्पविरामग्रस्त ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी वाचलं. बत्तीस वर्षं एका त्रैमासिकाची मुद्रितं तपासल्यामुळे मला ती सवयच लागली आहे. माणसं खरं दुखणं शेवटी लिहितात. दिवसभर तास घेऊन, घरचं आवरून रात्री साडेदहाला बसलं की नवं प्रकरण सुचत नाही, पण स्वल्पविराम हलवता येतो आणि काम केल्यासारखं वाटतं. म्हणून एक अट घालते. शेवटचं प्रकरण कच्चं का होईना, लिहून होईपर्यंत संदर्भांना हात लावायचा नाही. लिहिताना कंसात नुसतं आडनाव, साल आणि पान टाकायचं आणि पुढे जायचं. पान मात्र टाकाच. नाहीतर एप्रिलमध्ये त्या एका वाक्यासाठी पुन्हा जयकर ग्रंथालय गाठावं लागेल.

आता भांडणाकडे वळू. तुमचे गाईड आणि त्या मॅडम, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तळटिपांची पद्धत इतिहासाच्या आणि प्राच्यविद्येच्या अभ्यासातून आली, आणि पुण्यात तिची मुळं खोल आहेत. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत असताना पानाचा खालचा भाग पाठभेदांनी भरलेला असायचा. पेशवे दफ्तरात बसणाऱ्याला रुमालाचा (कागदपत्रांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक द्यावा लागतो, आणि रुमालाला ना लेखक असतो ना प्रकाशन वर्ष. असल्या साधनांना तळटीपच सोयीची.

एपीएचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. १९२८ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्राच्या नियतकालिकांचे संपादक आणि व्यवस्थापक एकत्र बसले. येणारे लेख एकसारखे असावेत, छपाईचा खर्च आवाक्यात राहावा, एवढाच हेतू होता. १९२९ मध्ये त्यांनी सूचना छापल्या, त्या जेमतेम सात पानांच्या होत्या. आज सातव्या आवृत्तीचा ग्रंथ चारशे पानांच्या वर गेला आहे. (आमच्या सोसायटीच्या नियमावलीचंही असंच झालं.) त्या शास्त्रांत 'हे कधीचं संशोधन' हा प्रश्न पहिला येतो, म्हणून साल थेट नावाला चिकटतं. तुमचा विषय समाजशास्त्राचा, साधनं बहुतेक पुस्तकं आणि लेख, त्यामुळे तुम्हाला लेखक-वर्ष पद्धत सोपी जाईल. हे माझं मत. निर्णय कोणाचा, ते शेवटी सांगते.

पण 'तत्रैव'बद्दल माझं मत कडक आहे आणि त्यामागे स्वतःची फजिती आहे. माझ्या एम.फिल.च्या प्रबंधात एका प्रकरणात ओळीने नऊ 'तत्रैव' होते. टंकलेखनाला देण्याच्या आदल्या दिवशी मला मध्येच एक परिच्छेद सुचला. त्याला त्याची स्वतंत्र तळटीप दिली आणि झोपले. त्या एका तळटिपेमुळे पुढचे सहा 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटले. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बहिस्थ परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "बाई, हे विधान या ग्रंथात १४२व्या पानावर आहे म्हणता. ग्रंथ एकशे दहा पानांचा आहे." शिकागो मॅन्युअलनेही (शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेचा संदर्भनियमांचा ग्रंथ) २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत 'तत्रैव'च्या इंग्रजीतल्या भावंडाला, 'इबिड'ला, नको म्हटलं आणि त्याऐवजी आडनाव व छोटं शीर्षक पुन्हा द्या असं सुचवलं. हे गाईडना दाखवा. तळटिपा राहू द्या, पण 'तत्रैव' काढून 'कर्वे, पृ. ४५' असं लिहा. 'उ. नि.' तर त्याहून वाईट. वाचक बिचारा वर कुठे निर्देश आहे ते शोधत ऐंशी पानं मागे जातो.

इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. 'शिकागो' म्हणजे तळटिपाच असं नाही. १९०६ पासून चालत आलेल्या त्या ग्रंथात दोन पद्धती आहेत, एक तळटिपांची आणि एक लेखक-वर्षाची. म्हणजे कोणी 'शिकागो करा' म्हटलं तर 'कुठलं?' हे विचारायचं. 'हार्वर्ड'चं तर आणखी गमतीचं आहे. ज्या १८८१ साली पुण्यात 'केसरी' निघाला, त्याच साली हार्वर्डच्या एडवर्ड मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने बिनशंखी गोगलगायीवरच्या निबंधात कंसात लेखक आणि साल टाकलं, आणि पुढे त्या रीतीला विद्यापीठाचं नाव पडलं. तिचा एक अधिकृत ग्रंथ असा नाहीच. ज्याचं त्याचं हार्वर्ड.

तुमच्या त्या इंग्रजी नियतकालिकाची 'तिसरी तऱ्हा' बहुधा एएसएची, म्हणजे अमेरिकन समाजशास्त्र परिषदेची असावी. शेजारीशेजारी ठेवून बघा : एपीएत (कर्वे, १९५३, पृ. ४५), शिकागोच्या लेखक-वर्षात (कर्वे १९५३, ४५), एएसएत (कर्वे १९५३:४५). यावर तुमची झोप उडाली! वाचक तिन्ही ठिकाणी त्याच पानावर पोचतो. खरा फरक सूचीत आहे. एपीए पहिल्या नावाचं आद्याक्षर ठेवतं, एएसए पूर्ण नाव देतं. इंग्रजी वाचकाला हे किरकोळ वाटेल, आपल्याला नाही. पुण्यातल्या कुठल्याही प्रबंधात चार कुलकर्णी, तीन जोशी आणि दोन देशपांडे असतातच. दोन वेगळ्या लेखकांचं आडनाव एकच असेल तर मजकुरातही आद्याक्षर द्या असं एपीए सांगतं, पण 'अ. कुलकर्णी' अनंत की अनुराधा? तुमचा विषय बायकांच्या श्रमाचा, आणि त्यावर लिहिणाऱ्या बायकांची नावं आद्याक्षरात लपणार. विद्यापीठाची हरकत नसेल तर मराठी सूचीत पूर्ण नावं द्या.

तळटिपा, लेखक-वर्ष, काहीही ठरो, या मॅन्युअलांना आपल्या पुस्तकांची कल्पना नाही. तिथे नियम तुम्हालाच करायचे आहेत. एका कोऱ्या कागदावर 'माझे नियम' असं शीर्षक घाला आणि जे ठरवाल ते लिहून भिंतीला चिकटवा. मी या कामाला बसले तर काय लिहीन, ते सांगते.

पदवी आणि उपाधी सूचीत नाही. फुले 'म' खाली जात नाहीत, 'फ' खाली जातात. टिळक 'लोकमान्य' म्हणून येत नाहीत. सूचीत आंबेडकर, भीमराव रामजी. मजकुरात हवं तर बाबासाहेब म्हणा. आणि पुनर्मुद्रणाची दोन्ही सालं द्या. जातिसंस्थेच्या उच्छेदावरचं त्यांचं १९३६ चं भाषण तुम्ही राज्य सरकारच्या इंग्रजी खंडातून वाचलं असेल, आणि तो पहिला खंड १९७९ चा. नुसतं (आंबेडकर, १९७९) लिहिलंत तर महापरिनिर्वाणानंतर तेवीस वर्षांनी ते लिहीत होते असं दिसतं. एपीएत (आंबेडकर, १९३६/१९७९), शिकागोत (आंबेडकर [१९३६] १९७९). ही चूक मी चांगल्या चांगल्या प्राध्यापकांच्या लेखांत दुरुस्त केली आहे.

शीर्षक छापलं असेल तसंच ठेवायचं. गोखले संस्थेने १९४५ मध्ये काढलेल्या धनंजयराव गाडगीळांच्या शहर पाहणीच्या इंग्रजी नावात 'पूना' आहे, ते 'पुणे' करू नका. इरावतीबाई कर्व्यांचं नाव इंग्रजीत कुठे 'व्ही'ने तर कुठे 'डब्ल्यू'ने छापलेलं सापडेल. त्या त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठामागच्या पानावर जे असेल ते. प्रकाशनाचं गाव द्यायचं की नाही? एपीएच्या सातव्या आवृत्तीने गाव काढून टाकलं, शिकागोच्या २०२४ च्या अठराव्या आवृत्तीनेही ते आवश्यक ठेवलेलं नाही. जुन्या मराठी पुस्तकांच्या बाबतीत मी ठेवीन. एकाच नावाचा छोटा प्रकाशक पुण्यातही असतो आणि कोल्हापुरातही.

याद्या दोन करा, मराठी अकारविल्हे आणि इंग्रजी एबीसीडीप्रमाणे. एपीएला एकच यादी आवडते, पण मराठी प्रबंधात दोन लिप्यांची खिचडी कोणालाच वाचवत नाही. क्षीरसागर 'क' मध्ये की 'ळ' नंतर, हे आधीच ठरवा आणि संगणकाने त्यांना कुठे बसवलंय ते डोळ्यांनी बघा. इंग्रजी लेखात मराठी पुस्तक येईल तेव्हा नाव रोमन लिपीत आणि त्यापुढे चौकटी कंसात अर्थ. तीन किंवा जास्त लेखक असतील तर एपीए सातप्रमाणे पहिल्याच उल्लेखात 'व इतर'. आधीच्या आवृत्तीत पाच लेखकांपर्यंत पहिल्यांदा सगळी नावं द्यावी लागत. तुमच्या मॅडमनी 'सात'वर जोर दिला तो अशा बदलांमुळे असेल. जुन्या प्रबंधांवरून नक्कल करायला शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) गेलात तर पाचवी, सहावी, सातवी अशा तिन्ही आवृत्त्यांची सरमिसळ मिळेल, म्हणून नक्कल नकोच.

आता तुमच्या मेसवाल्या बायका. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण संदर्भसूचीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे आणि तुम्ही तो ओघात विचारलात.

त्यांची नावं सूचीत घालायची नाहीत. तुम्ही घेतलेल्या मुलाखती ही तुमची सामग्री आहे, प्रकाशित साधन नाही. एपीए हे स्पष्ट सांगतं की संशोधनात भाग घेणाऱ्यांच्या उद्गारांना सूचीत नोंद नको आणि 'वैयक्तिक संवाद' असा कंसही नको. ते कंस तुम्ही प्राध्यापकांशी फोनवर बोललात त्याला. बायकांचं बोलणं मजकुरात येईल, बदललेल्या नावाने, आणि मुलाखती कधी, किती, कशा घेतल्या ते पद्धतीच्या प्रकरणात. चाळीस शब्द किंवा त्याहून जास्त असेल तर एपीएप्रमाणे वेगळा परिच्छेद करून आत सरकवायचं. शिकागोला तो आकडा शंभरच्या आसपास चालतो. बायका मोकळेपणाने बोलतात तेव्हा चाळीस शब्द दोन वाक्यांत होतात, तेव्हा तयारी ठेवा.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं मात्र समजू नका. 'खुन्या मुरलीधराजवळची, रविवारी बेसनाचा लाडू देणारी मेस' असं लिहिलंत तर शालूबाईचं मालूबाई करून काही उपयोग नाही. पेठेतला कुठलाही मुलगा सांगेल कोण ती. गल्ली पुसा, लाडू बदला. सिलिंडर घरगुती वापरला, घरमालकाला पावती दिली नाही, असं काही त्या तुम्हाला विश्वासाने सांगून गेल्या असतील. ते त्यांच्यावर उलटू नये.

आणि एक गोष्ट, जी इंग्रजी मॅन्युअलांत असणं शक्यच नाही, कारण त्या भाषेच्या क्रियापदात आदर दिसत नाही. तुम्ही पाठवलेल्या दोन पानांत मला हे सापडलं : 'गाडगीळ म्हणतात', 'कर्वे दाखवून देतात', आणि खाली 'शालूबाई म्हणाली', 'तिने सांगितलं'. पुस्तक लिहिणारे आदरार्थी, आणि तीस वर्षं पहाटे चारला उठून साठ पोरांचा स्वयंपाक करणारी बाई एकेरी. तुमच्या मनात तसं नाही, हे पत्रावरून कळतं. हातातून गेलं. पण वाचणाऱ्याला तुमच्या प्रबंधाची सगळी उतरंड त्या एका 'म्हणाली'त दिसते. दोन्हीकडे 'म्हणाल्या' करा, किंवा दोन्हीकडे साधं एकवचन ठेवायचं धाडस करा (गाईडना झेपलं तर). एपीएच्या सातव्या आवृत्तीत पूर्वग्रहमुक्त भाषेवर एक आख्खं प्रकरण आहे. मराठीत त्या प्रकरणाचं पहिलं पान क्रियापदावर लिहावं लागेल. 'मोलकरीण' की 'घरकामगार', 'बायका' की 'स्त्रिया', हे त्यानंतर. मी स्वतः 'बायका' ठेवीन, त्या स्वतःला तसंच म्हणतात.

याच ओघात 'प्रस्तुत संशोधिकेने असे निरीक्षण केले' हेही काढा. पेठेत जिने चढलात तुम्ही, पोळ्या लाटत गप्पा मारल्यात तुम्ही, आणि प्रबंधात कोण ती प्रस्तुत संशोधिका? एपीए आणि शिकागो दोघांनाही 'मी' चालतं. 'मुलाखती घेण्यात आल्या' यात घेणारी माणूसच गायब होते. गाईडना 'मी' उद्धट वाटत असेल तर निदान पद्धतीच्या प्रकरणापुरती परवानगी मागा.

डीटीपीवाल्यांना सात हजार देऊ का? टंकन, समास, अनुक्रमणिका, पानांचे क्रमांक यासाठी खुशाल द्या, ते त्यांचं कसब आहे. नोंदी देऊ नका. साल चुकलंय की बरोबर हे त्यांना कळणार नाही आणि व्हायव्हाला खुर्चीत तुम्ही असाल. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर घ्या, २००६ पासून आहे आणि हजारो शैली त्यात तयार आहेत. ३१२ नोंदी एकदा नीट भरल्या की तळटिपांचं एपीए आणि एपीएचं एएसए बटणावर होतं. तुमच्या तिन्ही वरिष्ठांना तिन्ही रूपं देता येतील. भरायला रोज पंधरा म्हटल्या तर एकवीस दिवस. 'व इतर', 'संपा.', 'अनु.' या मराठी शब्दांवर मात्र शेवटी स्वतः नजर फिरवायची. घरात कोणी मोकळं असेल तर त्यांना नोंदी वाचून दाखवायला बसवा. माझ्या मुलीने माझ्या तळटिपा अशाच पकडल्या होत्या.

फाइल युनिकोडमध्येच हवी, हेही डीटीपीवाल्यांना बजावून सांगा. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांची भरताड असते. वाङ्मयचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर त्यातून काहीही शहाणपणाचं काढू शकत नाही, आणि ऑफिस फाइल परत पाठवतं. त्या तपासणीची भीती वाटते असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण सगळ्यांनाच वाटते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचं, चाळीस ते साठ असेल तर वर्षभर देता येत नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरत नाहीत. तेव्हा उघडलेली अवतरणचिन्हं बंद करायला विसरू नका. स्वल्पविरामापेक्षा ती महाग पडतात.

राहिला निर्णय. तो ना माझा, ना बाहेरच्या मॅडमचा. आधी विद्यापीठाच्या प्रबंध विभागात जाऊन लेखी नियम आहे का ते बघा. शिकागो विद्यापीठात केट तुराबियन नावाच्या बाई १९३० पासून प्रबंध विभागाच्या सचिव होत्या. प्रत्येक प्रबंध त्यांच्या टेबलावरून जायचा. त्याच त्याच चुका बघून त्यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी छोटी पुस्तिका काढली आणि ती आजही नव्या आवृत्त्यांत निघते. आपल्याकडेही प्रत्येक विभागात अशी एखादी बाई असते, पट्टी घेऊन समास मोजणारी. पुस्तिका काढलेली नसेल, पण कुठल्या प्रबंधाला काय परत पाठवलं ते तिला पाठ असतं. तिच्याशी नीट बोला, दुपारच्या डब्याची वेळ सोडून.

लेखी नियम नसेल तर दोन कागद टाइप करा. तुमच्याच प्रबंधातलं एक पान, एकदा तळटिपांनी, 'तत्रैव' वगळून, आणि एकदा एपीए सातने. दोन्ही घेऊन गाईडकडे जा. 'मॅडम म्हणाल्या' असं एकदाही म्हणायचं नाही. "सर, यातलं कुठलं पुढे नेऊ?" एवढंच विचारा, आणि ते बोट ठेवतील त्या कागदावर तारीख घालून सही घ्या. पुढच्या बैठकीला तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर असू द्या.

आणि जाताना शेवटच्या प्रकरणाची पहिली दहा पानं बरोबर न्या. सर आधी तीच मागतील.